होतकरू आणि तयार

आमच्या धाकट्याच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर एक वही असते. टोरांटोला लागून असलेल्या मिसिसागा शहरात त्याचे घर आहे. वाणसामानाची यादी, विजेचे बिल, मुलाच्या शाळेची चिठ्ठी हे सगळे त्या टेबलावर येते आणि जाते, वही मात्र हलत नाही. २०२४ च्या ऑक्टोबरात आम्ही दोघे सहा महिन्यांसाठी त्याच्याकडे गेलो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात ती उघडून पाहिली. मास्तरकीची खोड. कुणाची वही दिसली की तपासावीशी वाटते.

प्रत्येक पानावर दोन रकाने होते. मथळे इंग्रजीत होते, आम्ही त्यांचा अर्थ सांगतो. डावीकडे ‘पुढे किती मोठा होईल’ आणि उजवीकडे ‘आज किती तयार आहे’. दोन्हीकडे नावे तीच, पंधरा-वीस पोरांची. पण क्रम निराळा. डावीकडे पहिला असलेला मुलगा उजवीकडे अकरावा, आणि उजवीकडचा पहिला डावीकडे पार तळाला. आम्ही दोघे खेड तालुक्यातल्या एका हायस्कुलातून निवृत्त झालेलो. एक गणित शिकवायचा, दुसरी मराठी. दोघांची मिळून साठाच्या वर वर्षे मुलांचे नंबर लावण्यात गेली. पण आम्ही एकच यादी लावत आलो, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत. एकाच वर्गाच्या दोन याद्या आम्ही कधी केल्या नव्हत्या.

“हे कोण?” आम्ही विचारले.

“होतकरू खेळाडू, बाबा. आइस हॉकीचे,” धाकटा म्हणाला. “क्लबने निवडून ठेवलेत, पण अजून वरच्या संघात आलेले नाहीत. मी आणि माझा मित्र दर हिवाळ्यात त्यांचा क्रम लावतो. आमची पैज असते.”

आपल्याकडे हॉकी म्हटले की मैदान, चेंडू आणि ध्यानचंद. तिकडची हॉकी बर्फावरची. पायात पात्यांचे बूट, हातात लांब काठी आणि चेंडूच्या जागी काळ्या रबराची जाड चकती. तिला पक म्हणतात. बर्फावर प्रत्येक बाजूचे सहा जण, त्यातला एक गोलरक्षक. वेग इतका की सुरुवातीचे कित्येक सामने आम्हाला पक दिसलाच नाही; लोक ओरडले की समजायचे, गोल झाला. या खेळाची जगातली सर्वांत मोठी स्पर्धा म्हणजे एनएचएल. तीत कॅनडा आणि अमेरिका मिळून ३२ संघ आहेत. दरवर्षी उन्हाळ्यात हे संघ जगभरातल्या कोवळ्या मुलांमधून आपापली निवड करतात. तिला ड्राफ्ट म्हणतात. १९६३ साली मॉन्ट्रियलला पहिली निवड झाली. आता सात फेऱ्या होतात, आणि त्या वर्षीच्या १५ सप्टेंबरपर्यंत मुलाला अठरा वर्षे पूर्ण व्हावी लागतात. म्हणजे आपल्याकडे बारावीच्या निकालानंतर पोरगा कोणत्या शाखेला जायचे याचा घोळ घालत असतो, त्या वयात तिकडे त्याच्या नावावर बोली लागलेली असते.

पण निवडले म्हणजे खेळवले असे नाही. दोन रकाने लागतात ते इथे.

सतरा-अठरा वर्षांचा मुलगा ज्युनियर लीगमध्ये सोळा ते वीस वयाच्या पोरांशी खेळतो. वरच्या स्पर्धेत त्याच्यासमोर पंचवीस-तीस वर्षांचे बाप्ये असतात. त्यांच्या धक्क्याला तो टिकेल का, पक गेला की मागे धावून आपला गोल राखेल का, गडबडीत साधीच पण बिनचूक चाल करील का, हे सगळे ‘तयार’ या रकान्यात पाहतात. त्यासाठी अंगात ताकद लागते आणि डोक्यात शिस्त. ‘पुढे किती मोठा होईल’ यात वेगळ्या गोष्टी बघतात. पाय किती चपळ, हात किती नाजूक चालतात आणि मुख्य म्हणजे नजर. दोन खेळाडूंमधली फट इतरांच्या आधी त्याला दिसते का? अंग भरता येते, ते पुढे चार वर्षांत भरेलच. नजर नंतर बसवता येत नाही, असे जाणकार म्हणतात. बरीच वर्षे एक पद्धत अशीही चालत होती की मुलापुढे दहापैकी एक आकडा लिहायचा आणि एक अक्षर. आकडा सांगणार की हा जास्तीत जास्त कुठवर जाईल, अक्षर सांगणार की तिथवर पोचण्याची खात्री किती. मोठा आकडा आणि पडके अक्षर घेऊन फिरणारे पुष्कळ असायचे. आमच्या वर्गात अशांच्या प्रगतिपुस्तकावर आम्ही ‘हुशार आहे पण लक्ष देत नाही’ असे लिहायचो.

धाकट्याने आम्हाला आणखी एक नियम सांगितला. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला संघाने वर घेऊन नऊ सामने खेळवले आणि परत पाठवले, तर त्याच्या कराराचे वर्ष धरत नाहीत. दहावा सामना खेळला की वर्ष सुरू झाले. म्हणून नवव्या सामन्यानंतर क्लबची माणसे बसतात आणि ठरवतात, ठेवायचे की परत धाडायचे. कॅनडाच्या ज्युनियर लीगमधल्या मुलाला तर मधली पायरीच नव्हती. वीस वर्षांचा होईपर्यंत एक तर सर्वांत वर खेळ, नाहीतर पुन्हा पोरांत जा. जो पोरांसाठी फार मोठा आणि बाप्यांसाठी फार लहान, त्याची कोंडी व्हायची. २०२५ च्या नव्या करारात एकोणीस वर्षांच्या एकेका खेळाडूपुरती ही अट सैल करायचे ठरले, ते आम्ही परतल्यावर. “ही नऊ सामन्यांची गोष्ट फार कठीण,” धाकटा म्हणाला होता. “घाईत वर ठेवला तर मोडतो. खालीच ठेवला तर आळसावतो.”

थंडीच्या दिवसांत मगरिबनंतर करण्यासारखे काही नसते. पाच वाजता अंधार. धाकटा वही घेऊन बसायचा आणि आम्हाला जुन्या याद्यांच्या गोष्टी सांगायचा. आम्हाला त्या आवडू लागल्या, कारण त्या आमच्याच धंद्यातल्या चुकांच्या गोष्टी होत्या.

१९९३ साली ओटावाने पहिल्या क्रमांकाला अलेक्झांड्र देग या मुलाला घेतले. असा खेळाडू पिढीत एखादाच, असा त्याचा बोलबाला होता. करार असा अवाढव्य झाला की पुढे नवख्यांच्या पगारावर मर्यादा घालावी लागली. देग वाईट खेळला असे नाही, पण जे होईल म्हणून सांगितले होते ते झाले नाही. त्याच्या मागून दुसऱ्या क्रमांकावर घेतलेला ख्रिस प्राँगर मात्र २००० साली स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला. याच्या उलट गोष्ट रशियाच्या पावेल दात्स्यूकची. अंगाने किरकोळ. दोन वर्षे त्याला कुणीच घेतले नाही. १९९८ साली डेट्रॉइटने घेतला तो १७१ वा. तो आणखी तीन वर्षे रशियातच खेळला, मग आला, दोन वेळा स्टॅन्ली कप जिंकला आणि २०२४ साली त्याचे नाव हॉल ऑफ फेममध्ये लागले. त्याच्यापूर्वी १७० नावे पुकारली गेली होती.

“पण या १७० मध्येही चांगले असतील,” आम्ही म्हटले.

“असतील ना. पण त्यांच्यासाठी कुणी थांबलं का, तेही बघायला हवं.”

२०१७ ची गोष्ट त्याहून चटका लावणारी. त्या वर्षी नोलन पॅट्रिक नावाचा मुलगा पारख्यांच्या उत्तर अमेरिकेच्या यादीत पहिला होता. उंच, भरलेला, सगळे म्हणायचे की हा आजच तयार आहे. त्याचा जन्म १९ सप्टेंबरचा. चार दिवस आधी जन्मता तर तो आदल्याच वर्षी निवडीत आला असता. निवड झाली दुसऱ्या क्रमांकावर आणि तो त्याच हंगामात वर खेळू लागला. पुढे अर्धशिशीने त्याला असे ग्रासले की एक अख्खा हंगाम गेला, आणि २०२२ नंतर तो त्या स्पर्धेत खेळलाच नाही. चौथ्या क्रमांकावर घेतलेला केल मकार तेव्हा अगदी खालच्या पातळीवरच्या लीगमध्ये खेळत होता. त्याच्याविषयी लोक म्हणत, पाय विलक्षण आहेत, पण खरी परीक्षा व्हायची आहे. तो दोन वर्षे विद्यापीठाच्या संघात राहिला. घाई त्यानेही केली नाही आणि क्लबनेही केली नाही. २०२२ साली कोलोरॅडोने कप जिंकला तेव्हा अंतिम टप्प्यातला सर्वोत्तम खेळाडू तोच होता. पॅट्रिकच्या बाबतीत यादी लावणाऱ्यांची चूक म्हणता येणार नाही. दुखणे कुठल्याही रकान्यात दिसत नाही. पण ‘तयार’ म्हणजे आता याला काही होणार नाही, असे आपण धरून चालतो, ते खरे नसते.

त्याच कोलोरॅडो संघात नाझिम कादरी होता. लेबननहून आलेल्या कुटुंबातला, ओंटारियोतल्या लंडन शहरात वाढलेला मुसलमान मुलगा. २००९ मध्ये टोरांटोने त्याला सातव्या क्रमांकावर घेतले आणि परत ज्युनियरमध्ये पाठवले. पुढे दोन-तीन हंगाम त्याची वर-खाली ये-जा सुरू राहिली. २०१३ च्या सुमारास तो वर कायम झाला, आणि स्टॅन्ली कपावर नाव कोरले गेलेला पहिला मुसलमान ठरला तो एकतिसाव्या वर्षी, २०२२ साली. ऑगस्टमध्ये तो कप घेऊन आपल्या गावच्या मशिदीत गेला. धाकट्याच्या मोबाइलवर ते फोटो आहेत. आमच्या नातवाच्या खोलीत कादरीचे पोस्टर आहे. मिसिसागाच्या मशिदीत जुम्याला येणाऱ्या पोरांना त्याची सगळी आकडेवारी तोंडपाठ असते. आमच्या गावात अझरुद्दीनचे जे स्थान नंतरच्या पोरांत झाले, तसेच काहीसे.

नातवाचे सांगायचे राहिले. तो तेव्हा अकरा वर्षांचा. जन्म नोव्हेंबरचा. तिकडे मुलांचे संघ जानेवारी ते डिसेंबर असे जन्मवर्षाने लावतात. म्हणजे जानेवारीत जन्मलेला मुलगा आणि आमचा नातू एकाच गटात, आणि दोघांत दहा महिन्यांचे अंतर. अकराव्या वर्षी दहा महिने म्हणजे चार बोटे उंची आणि बरेच वजन. रॉजर बार्न्सली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली हे दाखवून दिले होते: कॅनडातल्या वरच्या ज्युनियर संघांत वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेल्या मुलांची गर्दी, आणि शेवटच्या महिन्यांतले अगदी थोडे. मोठा दिसतो म्हणून निवडतात, निवडला म्हणून चांगला प्रशिक्षक आणि जास्त सराव मिळतो, त्यामुळे तो खरोखरच पुढे जातो. २०१३ साली रॉबर्ट डीनर आणि सहकाऱ्यांनी एनएचएलच्या निवडी तपासल्या, तर वर्षाच्या उत्तरार्धात जन्मलेली मुले त्यांच्या पुढच्या कामगिरीच्या मानाने उशिरा निवडली गेली होती.

हे ऐकून आम्हाला हसू आले. आमच्या शाळेच्या जनरल रजिस्टरात निम्मे गाव १ जूनला जन्मलेले. बाप सांगायचा, “गुरुजी, पावसाच्या आधी झाला, एवढं आठवतं.” आम्ही लिहायचो १ जून. सहा वर्षांचा वाटतो म्हणून पहिलीत बसवलेला पोरगा कधी पाचाचा असायचा, कधी आठाचा. मग वार्षिक परीक्षेत आम्ही त्यांचे नंबर लावायचो. कुणाला ‘ढ’ म्हणायचो, कुणाला ‘चलाख’. त्यातले किती जण नुसतेच लहान होते, हे आता कुठल्या रजिस्टरात शोधणार?

‘तयार’ हा शब्द आमच्या भागात आणखी एका ठिकाणी येतो. आंबा. झाडावरचा हापूस तयार झाला असे आम्ही म्हणतो तेव्हा तो पिकलेला नसतो. तो हिरवाच असतो, फक्त उतरवण्याजोगा झालेला असतो. झेल्याने काढायचा, पेंढ्याच्या अढीत घालायचा, मग तो पिकतो. आणि तिसऱ्या ठिकाणी हा शब्द मुलींसाठी येतो. रमजानच्या दुसऱ्या आठवड्यात खेडहून जावयांचा फोन आला होता. नातीसाठी स्थळ आले आहे. मुलगा कुवेतला, घराणे माहितीतले. नात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, वीस वर्षांची. “तुमचं काय मत?” जावयांनी विचारले. आम्ही दोघांनी एका सुरात सांगितले, “स्थळ चांगलं आहे. पोरगी तयार आहे.” इफ्तारीची वेळ होत आली होती, फोन ठेवला.

ईद झाली आणि एप्रिलमध्ये नातवाच्या निवड चाचण्या आल्या. तो मोहल्ल्याच्या साध्या लीगमध्ये खेळायचा. त्याला वरच्या दर्जाच्या संघात जायचे होते. चाचणी पहाटे होती, कारण बर्फाच्या मैदानाचे भाडे फार आणि वेळा अवघड. फजर पढून आम्ही सगळेच निघालो. आत बाहेरच्यापेक्षा जास्त थंडी. फळ्यांच्या बाकांवर आईबाप कॉफीचे पेले धरून बसलेले, कुणी कुणाशी बोलत नव्हते. आमच्या वर्गांच्या बाहेर निकालाच्या दिवशी असेच चेहरे असायचे. आत पोरे पाठीवर नंबर लावून गरगर फिरत होती. प्रशिक्षक कडेला पाटी घेऊन उभा. आमचा नातू सर्वांत बुटका. दोनदा त्याला कुणीतरी कठड्यावर आपटले. एकदा मात्र त्याने तीन जणांच्या मधून पक असा काढून दिला की शेजारच्या बाकावरचा अनोळखी बाप्या उठून उभा राहिला.

तीन चाचण्यांनंतर निरोप आला. निवड नाही. प्रशिक्षक सभ्य माणूस होता, धाकट्याला बाजूला घेऊन म्हणाला, मुलाला खेळ दिसतो, पण अजून तयार नाही. पुढच्या वर्षी आणा.

गाडीत बराच वेळ कुणी बोलले नाही. मग धाकटा आरशातून मुलाकडे बघत म्हणाला, “तुला ठाऊक आहे, मी आठवीत गणितात नापास झालो होतो. दादांच्याच विषयात. बारावीला एकदा बसलो. डिप्लोमा तीन वर्षांचा, मला पाच लागली. दादा-दादी माझ्यासाठी थांबले. म्हणून मी इथे आहे. मी पण तुझ्यासाठी थांबणार.”

आमचे डोळे भरून आले. खोटे का सांगा, आमच्या मनात अभिमानही आला.

मागच्या सीटवरून नातू म्हणाला, “आणि फुप्पी? फुप्पी तर नेहमी पहिली यायची ना? तिच्यासाठी पण थांबलात?”

दोष आमचाच. रात्री झोपताना आम्हीच त्याला फुप्पीच्या गोष्टी सांगितल्या होत्या, ती शाळेत कशी पहिली यायची, गावाच्या जत्रेत कसा हिशेब तोंडी करून दुकानदाराला चकित करायची. त्याने दोन आणि दोन मांडले होते. धाकट्याने उत्तर दिले नाही. आम्हीही दिले नाही. गाडीचे हीटर तेवढे वाजत राहिले.

आमची थोरली १९७६ ची. चौदाव्या वर्षी ती नऊ माणसांच्या भाकऱ्या थापायची. अंथरुणाला खिळलेल्या दादीला वेळच्या वेळी औषध द्यायची. दुधाचा आणि गड्यांच्या मजुरीचा हिशेब तिच्याकडे. संध्याकाळी या धाकट्याला कान धरून अभ्यासाला बसवणारी तीच. आम्ही दोघे शाळेत, घर तिने उचललेले. १९९२ साली दहावीला शाळेत पहिली आली, १९९४ ला बारावी झाली, आणि १९९५ च्या मे महिन्यात आम्ही तिचा निकाह करून दिला. अठरा पूर्ण होती. स्थळ चांगले होते, जावई सज्जन निघाले, अल्लाचे शुक्र आहे. त्या वेळी आलेगेले सगळे म्हणत, पोरगी काय तयार आहे! आम्हाला ती स्तुती वाटायची. दर ३ जानेवारीला शाळेत सावित्रीबाईंवर भाषण करणारे आम्हीच होतो. ‘मुलींना शिकवा’ म्हणून मोहल्ल्यात घरोघर फिरणारे आम्हीच. शिकवले होते की, बारावीपर्यंत! त्यापुढे तिला काय व्हायचे आहे, हे आम्ही विचारले नाही. ती कधी अडलीच नव्हती, म्हणून विचारावेसे वाटले नाही.

आणि हा रेडिओ खोलायचा, परत जोडता यायचा नाही, तेव्हा आम्ही म्हणायचो, याच्यात काहीतरी आहे. त्याच्यासाठी कलमांची बाग गहाण पडली. त्याच्या बहिणीच्या निकाहानंतर पुढची दहा वर्षे आम्ही याच्यामागे उभे राहिलो. ती चूक होती असे आम्ही म्हणत नाही. त्याच्यात होते ते निघालेच.

घरी आल्यावर सगळे आपापल्या खोलीत गेले. आम्ही दोघे टेबलाशी बसलो. वही उघडी होती. आम्ही शिक्षक आहोत, एखादी गोष्ट कागदावर मांडल्याशिवाय आम्हाला उमगत नाही. कोऱ्या पानावर आम्ही दोन रकाने आखले आणि आमच्या दोन मुलांची नावे लिहायला घेतली. उजव्या रकान्यात थोरली पहिली, त्यात वाद नव्हता. डाव्या रकान्यात धाकटा. मग हात थांबला. धाकट्याच्या वहीत निदान प्रत्येक नाव दोन्ही रकान्यांत होते. क्रम मागेपुढे असेल, पण नाव होते. आम्ही थोरलीचे नाव डावीकडे कधी लिहिलेच नव्हते. जी तयार दिसते तिची वाढ तिथे संपली, असे आम्ही धरून चाललो. जो तयार नव्हता त्याला वेळ मिळाला आणि जी तयार होती तिला जबाबदारी मिळाली. तयार आंब्याला अजून अढी लागते, हे बागायतदाराच्या घरात आम्हाला कुणी शिकवायला नको होते. तिची अढी तिने स्वतःच घातली. चाळिशी ओलांडल्यावर मुक्त विद्यापीठातून बी.ए. झाली. आज गावच्या दोन बचत गटांचे हिशेब तिच्याकडे आहेत आणि बँकेचा साहेब तिला उठून खुर्ची देतो. पण त्याला वीस-पंचवीस वर्षे उशीर झाला, आणि तो उशीर आमच्या यादीमुळे झाला.

रात्रीचे अकरा वाजले होते, म्हणजे खेडला सकाळचे साडेआठ. आम्ही फोन लावला. मोबाइल टेबलावर ठेवून आवाज मोठा केला. दोघांनाही बोलायचे होते आणि सुरुवात कुणालाच करता येत नव्हती. शेवटी सरळ सांगितले, “बेटा, त्या स्थळाचं आम्ही घाईत बोललो. पोरीला शिकू दे. तिला काय करायचं आहे ते आधी विचारा.”

ती हसली. “अम्मी, मी त्यांना नाही म्हणून केव्हाच कळवलं. ईदच्या आधीच. तुमच्या फोनची वाट बघत बसले नाही.”

आम्ही गप्प. मग आमच्यातल्या एकाने विचारले, “आणि तुझं? तेव्हा आम्ही तुला विचारायला हवं होतं. तुला काय व्हायचं होतं?”

तिकडून भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला.

“बाबा, खरं सांगू? आता आठवत नाही,” ती म्हणाली. “तेव्हा काहीतरी होतं मनात. कुणी विचारलं असतं तर बोलले असते, आणि बोलले असते तर आठवलं असतं. तेवढंच कधीकधी वाईट वाटतं. बाकी माझं सगळं चांगलं आहे.” आणि मग नेहमीसारखी म्हणाली, “तिकडे थंडी आहे ना अजून? गुडघ्याला तेल लावता की नाही?”

फोन ठेवल्यावर आम्ही ते पान फाडले नाही. तसेच ठेवले. धाकट्याने सकाळी ते पाहिले असणार, कारण त्या दिवशी त्याने कामावरून बहिणीला फोन केला आणि तासभर बोलत राहिला. काय बोलले ते आम्ही विचारले नाही.

एप्रिलअखेर आम्ही परतलो. नातू पुन्हा साध्या लीगमध्येच खेळतो आहे. धाकटा सांगतो, उंची दोन इंच वाढली. या वर्षी निवडतील की नाही, ठाऊक नाही. निवडले नाही तरी त्याच्याजवळ थांबणारा माणूस आहे, हे त्याला माहीत आहे.

गावी आल्यावर पहिल्या रविवारी नात भेटायला आली. आंबे उतरवणे चालू होते, ती अढीजवळ बसून आम्हाला मदत करत होती. आम्ही तिला विचारले, “बेटा, पुढे काय करायचं ठरवलं आहेस?”

तिने हातातला आंबा उलटासुलटा करून पाहिला. “अजून ठरलं नाही, नाना. ठरलं की सांगते.”

आम्ही म्हटले, बरं. अजून तिने काही सांगितलेले नाही, आणि आम्ही पुन्हा विचारून तिला घाई केलेली नाही.